बांधावरचा बेल



आपण शिवाला बेल वाहतो, दसऱ्याला आपट्याचे पान एकमेकांच्या हाती देतो, संक्रांतीच्या सुगडात बोरे घालतो, महाशिवरात्रीला कवठ ठेवतो. ही पाने-फळे बाजारातून आणली असे आपण सहज म्हणतो. परंतु बाजारात येण्यापूर्वी ती बहुधा कोणा शेतकऱ्याच्या बांधावर, नाल्याच्या काठी किंवा पडीक तुकड्यात वाढलेली असतात. त्याने ते झाड तोडले नाही, म्हणून आपली पूजा यथासांग होते.

शास्त्रकारांनी गृहस्थाला पाच महायज्ञ सांगितले आहेत. त्यांतील भूतयज्ञ म्हणजे आपल्या अन्नातील काही भाग प्राणिमात्रांसाठी काढून ठेवणे. बुलढाणा जिल्ह्यातील ज्या शेतकऱ्याने बांधावरची बाभूळ, हिवर, कडुनिंब, पळस आणि बोर राखली, डोंगरउतारावरचे गवत नांगरले नाही, त्याच्या हातून हा यज्ञ मंत्रावाचून घडत असतो.

मात्र या यज्ञाचा खर्च तो एकटा सोसतो. झाडाच्या सावलीत सोयाबीनची दोन-चार तासे खुरटतात. झुडपात रानडुक्कर आणि रोही दडतात व रात्री उभ्या पिकात शिरतात. ट्रॅक्टर वळविण्यास बांधावरची बाभूळ आड येते. मुलीचे लग्न निघाले की लाकडाचा व्यापारी दारात उभा राहतो. १९६४ च्या वृक्षतोड नियमन कायद्याने मोह, चिंच, आंबा, जांभूळ अशी झाडे खासगी जमिनीवरही अनुसूचीत घातली आणि ती तोडण्यास परवानगी आवश्यक केली. हे योग्यच झाले. पण कायदा तोडणाऱ्याला अडवितो. राखणाऱ्याच्या पदरात तो काही टाकत नाही.

आणि राखलेल्या झाडाचे फळ किती दूरवर जाते! २०१९ साली यवतमाळ जिल्ह्यातील टिपेश्वर अभयारण्यातून एक तरुण वाघ निघाला आणि सुमारे १३०० किलोमीटर चालून डिसेंबरात आपल्या ज्ञानगंगा अभयारण्यात पोहोचला. गळ्यातील रेडिओ कॉलरमुळे त्याची वाट कळली. ती बरीचशी शेतांतून व नाल्यांच्या काठाने गेलेली होती. ज्ञानगंगेचे क्षेत्र सुमारे २०५ चौरस किलोमीटर आहे. दोन अरण्यांना जोडणारा पूल सरकारी हद्दीत नव्हे, तर शेतकऱ्यांच्या सातबाऱ्यावर उभा असतो, हे त्या मुक्या जीवाने दाखवून दिले.

जवळचा लाभही थोडा नाही. मुळे बांधाची माती धरतात, पावसाचे पाणी मुरते. झाडावर बसणारे पक्षी पिकावरील अळ्या टिपतात. आज कृषितज्ज्ञ शेतात काठ्यांचे पक्षीथांबे उभारण्यास सांगतात. ज्याने बाभूळ राखली त्याला ती काठी रोवावी लागत नाही.

तथापि हिरवे दिसते ते सर्वच आपले नव्हे. लोणारच्या विवरात वेडी बाभूळ माजली आणि तिने मूळच्या झाडोऱ्याची जागा घेतली, ती काढण्याचे कष्ट पुढे करावे लागले. म्हणून वृक्षदान करणाऱ्या सज्जनांना नम्र विनंती की, दान देताना केवळ नव्या रोपांची संख्या विचारू नये. फलक लावून हजार रोपे लावणे सोपे आहे. दुसऱ्या उन्हाळ्यात त्यांतील किती जगली हे पाहण्यास फारसे कोणी येत नाही. उभे आहे ते राखण्यास हातभार लावणे अधिक मोलाचे.

ते कसे करावे? आपल्या गावाकडे एखाद्या शेतकऱ्याने जुना बेल, आपटा किंवा मोह राखला असेल, तर त्याच्या घरी जावे आणि सावलीमुळे किती पीक बुडते हे त्याच्याच तोंडून ऐकावे. तेवढी रक्कम दरवर्षी सुगीच्या आधी, त्याचा मान राखून, त्याच्या हाती द्यावी. हे उपकार नव्हेत, आपल्या पूजेचे ते देणे आहे. गवताचा उतार राखणाऱ्यास कुंपणाचा खर्च द्यावा. अन्नदानाच्या पंगतीसाठी पळसाच्या पत्रावळी त्याच्याकडूनच, योग्य भावाने घ्याव्यात. आपट्याची फांदी मोडून आणू नये. पाने हवी असल्यास मालकाला विचारून, हाताने खुडून, मोजकीच घ्यावीत.