फॉरमॅट मारायच्या आधी

तालुक्याच्या गावी एका छापखान्यात दोन संगणक होते. एक गल्ल्यावर बिलांसाठी, दुसरा आत डीटीपीला. मायक्रोसॉफ्टने १४ ऑक्टोबर २०२५ रोजी विंडोज १०चा नेहमीचा सपोर्ट थांबवला, तेव्हा मालक नानांनी दुरुस्तीवाल्या पोराला बोलावलं. दोन्ही यंत्रं विंडोज ११च्या अटींत बसत होती, टीपीएम चिपसकट.

“दोन्हींना फॉरमॅट मारतो, काका. संध्याकाळपर्यंत कोरे करकरीत.”

पुण्याहून आलेला पुतण्या म्हणाला, “फॉरमॅट कशाला? आहे त्यावरच अपग्रेड होतं. फायली, प्रोग्रॅम, सगळं जागच्या जागी राहतं.”

दोघांची जुंपली. नानांनी आत डीटीपी करणाऱ्या ताईंना हाक मारली, “ताई, तुम्हीच सांगा.”

ताईंनी दोघांपैकी कुणाचीच बाजू घेतली नाही. पोराला विचारलं, “लग्नसराईच्या पत्रिका कुठे आहेत?”

“डी ड्राइव्हमध्ये असतील. सी पुसला तरी डी शाबूत.”

“डेस्कटॉपवर आहेत, म्हणजे सीमध्येच. शिवाय मजकूर युनिकोडमध्ये नाही, जुन्या फॉण्टात आहे. फॉण्ट गेला की ‘चि. सौ. कां.’च्या जागी इंग्रजी अक्षरं नि खुणा दिसतील. त्याची सीडी आहे, पण या यंत्राला सीडी ड्राइव्हच नाही.”

पोरगा गप्प. पुतण्या खूश, “मग दोन्हींवर अपग्रेडच!”

“गल्ल्यावरच्याला नको. तिथे फुकटचे दोन-तीन अँटिव्हायरस एकमेकांशी भांडतायत. अपग्रेड केलं तर तेही बिऱ्हाड बरोबर येईल. बिलांचा बॅकअप रोज पेनड्राइव्हवर जातो. त्याला खुशाल मारा फॉरमॅट.”

तरी आधी दोन्हींतलं सगळं बाहेरच्या हार्डडिस्कवर गेलं. तिच्यातल्या फायली स्वतः उघडून बघेपर्यंत ताईंनी कुणाला हात लावू दिला नाही. ‘कॉपी झाली’ एवढ्या शब्दावर विसंबणारे पुष्कळ असतात.

अपग्रेडनंतर दोन दिवसांनी पोरगा आला. डीटीपीच्या यंत्रात जागा कमी म्हणून ‘विंडोज डॉट ओल्ड’ हे फोल्डर पुसायला निघाला.

“राहू दे. प्रिंटर अजून तपासायचाय.”

प्रिंटर खरंच अडला. जुना ड्रायव्हर ११वर चालेना आणि पत्रिका तर दुसऱ्या दिवशी द्यायच्या होत्या. ते फोल्डर राहिलं होतं म्हणून पोराने सेटिंग्जमधून यंत्र पुन्हा १०वर नेलं, पत्रिका वेळेत गेल्या, आणि नवा ड्रायव्हर हाती आल्यावर अपग्रेड पुन्हा केलं.

मागे फिरायची ही सोय विंडोज ११ अपग्रेडनंतर दहा दिवसच ठेवतं. फॉरमॅट मारलेल्या यंत्रात ती नसतेच.