रविवारचे मालक

संप म्हटला की माझ्या कपाळाला आठी! परवा रविवारी मटणावर ताव मारून आडवा झालो आणि शेजारच्या तात्यांना म्हणालो, “मालकांच्या राज्यात या मोर्चेवाल्यांनी मिळवलं काय हो?”

तात्यांनी गिरणीत साचे चालवलेले. म्हणाले, “तू लोळतोयस तो रविवार!”

खरंच की! नारायण मेघाजी लोखंडे १८८४ पासून झगडले, तेव्हा कुठे १८९० साली गिरणी कामगारांना ही सुट्टी मिळाली. ते सहा वर्षं भांडले. आम्ही तेव्हापासून घोरतोय.

“पण १९८२ च्या संपात अडीच लाख उतरलात, आणि गिरण्याच गेल्या!”

“गिरणी मालकाची, त्यानं विकली. रविवार विकता आला का त्याला?”

तेवढ्यात बेल वाजली. मोबाइलवरून मागवलेलं आइस्क्रीम घेऊन घामाघूम पोरगा दारात. तात्यांनी विचारलं, “बाळा, तुझा रविवार कधी?”

पोरगा नुसता हसला. आइस्क्रीम काही मला गोड लागेना.