हरवलेल्या मिनाराचा पुरावा

मार्च 2024 मध्ये भारतीय पुरातत्त्व सर्वेक्षणाने 18 स्मारके संरक्षित यादीतून वगळायचे ठरवले. त्यांत दिल्लीच्या मुबारकपूर कोटल्यातली इंचला वाली गुमटी होती, बाराखंबाचे कबरस्तान होते आणि फरिदाबादजवळच्या मुजेसर गावचा 13 क्रमांकाचा कोसमिनारही होता. राष्ट्रीय महत्त्व उरले नाही, हे कागदावरचे कारण. खरी गोष्ट अशी, की या तिन्ही वास्तू त्याआधीच ‘सापडत नाहीत’ अशा यादीत जाऊन बसल्या होत्या. मोगलांच्या हमरस्त्यावर कोसाकोसाला उभारलेला, तीसेक फूट उंचीचा चुनेगच्ची खांब हरवतो कसा? अशी वास्तू एका रात्रीत जात नाही. आधी भोवतालची मोकळी जागा जाते, मग चौथऱ्याला कोणाची तरी भिंत टेकते, मग गिलावा सुटतो. यातला प्रत्येक टप्पा कोणीतरी डोळ्यांनी पाहिलेला असतो. टिपून मात्र ठेवलेला नसतो. म्हणूनच प्रवासात जुन्या वास्तूंचे फोटो काढण्याला मी नुसती हौस म्हणणार नाही. ती साक्ष आहे, आणि ती नीट दिली पाहिजे.

नीट म्हणजे कशी? आपण फोटो काढताना विजेच्या तारा, टपऱ्या, शेजारची नवी इमारत कटाक्षाने टाळतो. पण वास्तूवरचे संकट बहुधा तिथूनच येते, आणि नेमका तेवढाच भाग आपण चौकटीबाहेर ठेवतो. सुबक फोटोपेक्षा साधी नोंदच कामी येते: तमिळनाडूतल्या श्रीपुरंथनचा चोरीला गेलेला नटराज 2014 मध्ये ऑस्ट्रेलियातून परत आला. त्याची ओळख पटवायला उपयोगी पडले ते पुद्दुचेरीच्या फ्रेंच इन्स्टिट्यूटने पूर्वी काढून ठेवलेले साधे, नोंदीपुरते फोटो.

फोटोने इमारत वाचत नाही, हा आक्षेप मला मान्य आहे. राज रेवल आणि महेंद्र राज यांनी प्रगती मैदानावर उभारलेला 1972 चा ‘हॉल ऑफ नेशन्स’ जगभर छापून आला होता, तरी एप्रिल 2017 मध्ये तो पाडला गेलाच. मुंबईत संग्रहालय म्हणून हजारोंनी पाहिलेली ‘विक्रांत’ युद्धनौकाही 2014 मध्ये भंगारात निघाली. पण पाडणाऱ्याला जाब विचारायचा तर काय होते, हे आधी दाखवता यावे लागते.  दुसरा आक्षेप असा, की कॅमेऱ्यामागे गेलेला माणूस वास्तू पाहतच नाही. मानसशास्त्रज्ञ लिंडा हेंकेल यांच्या 2014 मधल्या प्रयोगात, वस्तूंचे फोटो काढणाऱ्यांना त्या कमी आठवल्या, हे खरे. मात्र ज्यांनी एखाद्या बारकाव्यावर कॅमेरा जवळ नेला, त्यांच्या स्मरणाला तोशीस लागली नाही. म्हणजे दोष कॅमेऱ्याचा नाही, घाईचा आहे.  

ताजमहालाचा मुख्य मकबरा, अजिंठा आणि लेहचा राजवाडा वगळता संरक्षित स्मारकांमधली फोटोबंदी सर्वेक्षणाने 2018 मध्ये उठवली. मोकळीक मिळाली, तिचा उपयोग आपण अजून स्वतःला वास्तूपुढे उभे करण्यापलीकडे फारसा केलेला नाही. दिल्लीच्या प्राणिसंग्रहालयात एक कोसमिनार आजही उभा आहे, खाली अष्टकोनी, वर गोल आणि निमुळता होत गेलेला. तिथले कॅमेरे पांढऱ्या वाघाकडे वळलेले असतात. पुढच्या खेपेला त्यातला एखादा मिनाराकडे वळावा: एक फोटो लांबून, वाट, झाडे आणि कुंपणासकट, एक पायथ्याशी वाकून, दगडांच्या सांध्यांतला चुना दिसेल असा, आणि दोन्हींवर तारीख.