गालबोट

लग्नपत्रिकेकडून माझ्या फार अपेक्षा नसतात. वर गणपती असावा, खाली जेवणाची वेळ असावी. मधला मजकूर कुणी वाचत नाही. निदान आमच्या बँकेत तरी नाही. पण गेल्या महिन्यात भाचीच्या लग्नाची पत्रिका मोबाईलवर आली आणि ती मी तीनदा वाचली. तिच्यावर गणपती नव्हता. वटवाघूळ होतं. चारी कडांना बोटभर जाड काळी चौकट, आणि आत एका पडक्या मठाच्या कमानीखाली वधूवरांची नावं.

आत्यानं ही पत्रिका चष्मा न लावता पाहिली. तिला काळी चौकट दिसली, चौकटीत ओळखीचं आडनाव दिसलं, आणि ती "अगं बाई गं!" म्हणून सरळ न्हाणीघरात गेली. डोक्यावरून पाणी घेऊन झाल्यावर तिनं मला फोन केला.

"सुतक किती दिवसांचं रे?"

"सुतक कसलं, आत्या? लग्न आहे."

पलीकडे थोडा वेळ शांतता.

"म्हणजे मी न्हाले ते फुकटच?"

भाची इंग्लंडात लीड्सला नोकरी करते. मुलगा तिथलाच, इंग्रज, आणि स्वभावानं इतका गरीब की आमच्या डोंबिवली लोकलमध्ये त्याला जन्मात चौथी सीट मिळायची नाही. पण तो गॉथ आहे. म्हणजे काळे कपडे, काळं नेलपॉलिश आणि डोळ्यांत आमच्या आजीइतकं काजळ. त्याच्या संगतीनं भाचीही गॉथ झाली, आणि आता लग्नही गॉथिक व्हायचं होतं. यावर आत्याचा पुढचा प्रश्न अगदी रास्त होता: "गॉथ म्हणजे त्यांच्यातली पोटजात का रे?"

हसू नका. मूळची ती जमातच. गॉथांनी ४१० साली रोम लुटलं. पुढे हजारएक वर्षांनी इटलीतल्या विद्वानांना जुन्या, टोकदार कमानींच्या चर्चना नावं ठेवायची होती, तेव्हा त्यांनी त्या बांधणीला गॉथांचं, म्हणजे रानटी लोकांचं काम ठरवलं. शिवी द्यायला काढलेला शब्द पुढे बिरुद झाला. होरेस वॉलपोलनं १७६४ साली किल्ल्यातल्या भुताखेतांची कादंबरी काढली आणि दुसऱ्या आवृत्तीत तिला 'गॉथिक कथा' म्हटलं. आणि १९७० च्या दशकाच्या अखेरीला इंग्लंडात काळे कपडे घालून उदास गाणी म्हणणारी पोरं निघाली, त्यांनाही तेच नाव चिकटलं.

आणि आपल्याला तरी गॉथिक कुठं नवीन आहे? मी एकवीस वर्षं रोज सकाळी त्यातच उतरतो. फ्रेडरिक स्टीव्हन्सनं बांधलेलं आमचं व्हीटी, म्हणजे आताचं छत्रपती शिवाजी महाराज टर्मिनस, १८८८ साली पुरं झालं. टोकदार कमानी, मनोरे, भिंतीतून बाहेर झेपावणारी दगडी जनावरं, सगळं तिथं आहे. युनेस्कोनं २००४ साली त्याला जागतिक वारसा ठरवलं. त्या जनावरांकडे मी आजवर मान वर करून पाहिलेलं नाही, कारण मान वर केली की मागचा माणूस पाठीवर येतो.

लग्न ठरलं व्हिटबीला. यॉर्कशायरच्या किनाऱ्यावरचं हे छोटं गाव. टेकडीवर मठाचे भग्नावशेष, आणि वर चढायला १९९ पायऱ्या. ब्रॅम स्टोकर १८९० साली इथं येऊन राहिला होता. १८९७ साली छापलेल्या कादंबरीत त्याचा ड्रॅक्युला याच किनाऱ्यावर कुत्र्याच्या रूपानं उतरतो. १९९४ पासून इथं गॉथ मंडळींची जत्रा भरू लागली. थोडक्यात, देहू-आळंदीला जाऊन लग्न लावावं तसाच हा प्रकार. फक्त दैवत वेगळं.

मग दर रविवारी दुपारी व्हिडिओ कॉलवर बैठका सुरू झाल्या. मी बँकेतला, म्हणून यादी माझ्याकडे. काळ्या मेणबत्त्या, पन्नास. काळा केक. काळे गुलाब. यावर त्या फुलवाल्यानंच तिला प्रामाणिकपणे सांगितलं होतं की, पोरी, खरा काळा गुलाब जगात नसतो, गडद लाल घेऊन जा. अंतरपाट काळा, त्यावर कुंकवाचं स्वस्तिक. "दिसेल छान," सौ. हळूच म्हणाली. मी तिच्याकडे पाहिलं तेव्हा ती भाजी निवडत होती.

अडलं ते मंगळसूत्रावर.

व्हिटबीच्या कड्यांत जेट नावाचा काळाभोर दगड सापडतो. दगड म्हणायचं एवढंच, मूळचं ते लाकूड. अठरा कोटी वर्षं चिखलाखाली दडपून त्याचं तसं झालेलं. १८६१ साली व्हिक्टोरिया राणीचा नवरा गेला. राणीनं काळं नेसलं ते १९०१ साली मरेपर्यंत सोडलं नाही, आणि राणीचं पाहून इंग्लंडातल्या बायका दुखवट्यात जेटचे दागिने घालू लागल्या. मुलाच्या पणजीच्या आईचा असाच एक दुखवट्यातला हार त्यांच्या घरात होता. त्याचे मणी काढून भाचीच्या मंगळसूत्रात ओवायचे ठरलं होतं.

"विधवेच्या गळ्यातले मणी सवाष्णीच्या गळ्यात?" आत्या एवढंच म्हणाली. या खेपेला ती न्हायला गेली नाही, खुर्चीत बसली. मलाही ते बरं वाटलं नाही. माणूस बी.कॉम. झाला म्हणून त्याच्या पोटात कालवायचं थांबत नाही.

म्हणून मी मामाच्या अधिकारानं भाचीला फोन केला. म्हटलं, "बाळा, हौस समजू शकतो. पण मरण ही काय सजावटीची गोष्ट आहे? ज्यांच्या घरात माणूस गेलंय त्यांना काय वाटेल?"

ती म्हणाली, "मामा, आमच्याच घरात गेलंय की."

सहा वर्षांपूर्वी तिचे वडील गेले. मी हे विसरलो होतो असं नाही, पण बोलताना माझ्या लक्षात नव्हतं, आणि त्या क्षणी या दोन्हींत मला फारसा फरक करता येईना.

"बाबा गेले तेव्हा सगळे मला म्हणत होते, आवर आता, विषय नको काढू," ती म्हणाली. "हा पहिला मुलगा, ज्यानं विषय काढ म्हणून सांगितलं. आणि एक सांगू? तुमच्या पिवळ्या-हिरव्या लग्नात आईला कुठं उभं करणार होता तुम्ही?"

मी म्हटलं, नेटवर्क जातंय.

नेटवर्क उत्तम होतं. मला आठवलं ते माझं लग्न. तेव्हा माझी आई विधवा होती. देवक काका-काकूंनी बसवलं, औक्षण काकूनं केलं, आणि आई स्वयंपाकघराच्या दाराआड उभी राहून पाहत होती. तिला तिथं उभी राहा असं कुणीच सांगितलं नव्हतं. आमच्याकडे असलं काही सांगावं लागत नाही. मी क्रीम रंगाच्या नव्या कोटात पाटावर उभा होतो. मला ती दिसत होती. "आई, तू ये ना पुढं," एवढं म्हणायला कितीसा वेळ लागला असता? पण मुहूर्त जवळ आला होता, गुरुजी घाई करत होते, आणि मी म्हटलं नाही. आता ती नाही.

२०२२ च्या मे महिन्यात कोल्हापूर जिल्ह्यातल्या हेरवाड ग्रामपंचायतीनं विधवा प्रथा बंद करण्याचा ठराव केला. त्याच महिन्यात राज्य सरकारनं बाकीच्या ग्रामपंचायतींना त्याचा कित्ता गिरवायला सांगितलं. मी ती बातमी लोकलमध्ये वाचली आणि चहाच्या सुट्टीत तिच्यावर पाच मिनिटं बोललो. सगळ्यांनी माना डोलावल्या. पुढच्याच महिन्यात चुलतभावाच्या मुलाची मुंज होती. ताई मागच्या रांगेत बसली होती आणि मी पुढच्या रांगेत माना डोलावत होतो.

अशुभ म्हणजे नेमकं काय, याची खात्री करून घ्यावी म्हणून मी आमच्या गुरुजींना गाठलं. मला वाटलं, ते मणी मोडीत काढतील. तर ते म्हणाले, "अहो, देवक बसवताना आपण नांदीश्राद्ध करतो, ते कशासाठी? पितरांना बोलावल्याशिवाय आपलं कार्य सुरूच होत नाही. आणि काळ्याचं म्हणाल, तर मंगळसूत्रात काळे मणीच असतात ना? नव्या नवरीला पहिल्या संक्रांतीला काळी चंद्रकळाच नेसवतात ना?" मग थोडं थांबून म्हणाले, "बाळाला गालबोट कसलं लावता? पांढरं?"

म्हणजे मेलेल्या माणसांना लग्नात मान आहे. काळ्या रंगालाही मान आहे. फक्त जिचं माणूस गेलं त्या जिवंत बाईला जागा नाही! तिकडे इंग्लंडात विधवेला काळ्यात कोंडायचे, इकडे आम्ही तिचं कुंकू पुसायचो. पांढरा आणि काळा यांनी आपापसांत कधी भांडण केलेलं नाही. कोणी काय घालायचं नि कोणी दाराआड उभं राहायचं, हे रंगांनी ठरवलेलं नव्हतं.

कॉलेजात शिकलेल्या सगळ्या हिशेबशास्त्रातलं मला एकच कलम पाठ आहे: एका खात्यात जमा झालं की दुसऱ्या कुठल्या तरी खात्यात तेवढंच नावे पडतं. लग्नात आपण सगळं जमेला लिहितो. शुभ, मंगल, अखंड, अक्षय. मांडवात मरणाचा शब्द काढायचा नाही. पण ती रक्कम नाहीशी होत नाही, दाराआड उभ्या असलेल्या बाईच्या नावे पडते. या पोरांनी निदान ती उघडपणे वहीत लिहिली. कमानीवर वटवाघूळ टांगलं, सगळ्यांनीच काळं घातलं, मग अशुभ म्हणून बाजूला काढणार कोणाला? आता त्यातली निम्मी हौस आहे, थोडा पोरकटपणा आहे, आणि पन्नास मेणबत्त्यांचा खर्च मला मुळीच मंजूर नाही. पण हिशेब त्यांचा जुळतो.

गेल्या रविवारी ताईला घेऊन दादरला गेलो. भाचीला मामाची पिवळी साडी मी घेणारच होतो. काळ्या लग्नातसुद्धा तेवढा मान मला ठेवला आहे. ती बांधून झाल्यावर ताई म्हणाली, "एक काळी दाखवा. जरीची."

दुकानदार म्हणाला, "ताई, संक्रांतीला अजून वेळ आहे."

"मुलीचं लग्न आहे माझ्या," ताई म्हणाली. दुकानदारानं आमच्याकडे आळीपाळीनं पाहिलं आणि मुकाट्यानं चंद्रकळा उलगडली.

बाहेर फुटपाथच्या गर्दीत, पिशवी या हातातून त्या हातात घेत तिनं विचारलं, "ओवाळायला मी उभी राहिले तर चालेल ना रे?"

"तू नाही तर कोण?" मी म्हटलं. चारच शब्द. ते म्हणायला मला वीस वर्षं लागली, आणि ज्या खात्यात भरायचे होते ते खातं केव्हाच बंद झालंय. बँकेच्या भाषेत सांगायचं तर मुद्दल बुडालं, व्याज भरायला सुरुवात झाली.

आता प्रश्न राहिला माझ्या कपड्यांचा. पाहुण्यांनी काळं घालावं असं पत्रिकेत लिहिलंय. माझ्याकडे काळं म्हणाल तर पावसाळी रेनकोट तेवढा आहे. त्यात आत्याला नवीन काळजी. "अरे, सगळंच काळं म्हटल्यावर पोरीला गालबोट लावून ते दिसणार कसं?"

मी तिला म्हटलं, काळजी करू नकोस. मी लग्नातला तो क्रीम कोट काढलाय. आता जरा पिवळा पडलाय, पोटावर बसत नाही, पण नेणार आहे. मामा म्हणून नवरीच्या मागं उभं राहायचंच आहे. एवढ्या देखण्या काळ्या मंडळींत तेवढं एक गालबोट पुरे.