उःशापाची नीती : 'रिंगू'च्या निमित्ताने

भारतीय कथापरंपरेत शाप आणि उःशाप यांची जोडी अविभाज्य मानली गेली आहे. शापवाणी उच्चारणाऱ्याच्या क्रोधाला उःशाप मर्यादा घालतो आणि शापिताच्या दुःखाला कोठेतरी अंत आहे, असे आश्वासन श्रोत्याला देतो. या आश्वासनामागे एक नैतिक गृहीतक असते. शापातून सुटण्याचा मार्ग शापाइतका अमंगल असणार नाही, हे ते गृहीतक होय. लोकपरंपरेतील अहल्या रामाच्या पदस्पर्शाची प्रतीक्षा करते. आपले शिळापण दुसऱ्या कोणाच्या माथी मारून ती मोकळी होत नाही. परंतु उःशाप हाच अपराध असेल तर? सुटकेची अट दुसऱ्याला बद्ध करणे हीच असेल तर? हिदेओ नाकाता यांचा 'रिंगू' (१९९८) हा जपानी भयपट हा प्रश्न उपस्थित करतो, आणि या प्रश्नामुळेच तो भयपटांच्या सर्वसाधारण वर्गवारीत सामावत नाही.

कोजी सुझुकी यांच्या १९९१ च्या कादंबरीवर हिरोशी ताकाहाशी यांनी लिहिलेल्या पटकथेवरून हा चित्रपट सिद्ध झाला. २००२ मध्ये त्याची अमेरिकी आवृत्ती निघाली आणि मूळ कृतीचे नाव जगभर पसरले. २०१९ मध्ये ब्रिटनमधील ॲरो व्हिडिओ या संस्थेने मूळ निगेटिव्हवरून नव्याने तयार केलेली 'रिंगू'ची प्रत त्याच्या तीन संबंधित चित्रपटांसह ब्लू-रे तबकड्यांच्या संचात प्रसिद्ध केली. या घरगुती आवृत्तीचा विचार केवळ तांत्रिक गुणवत्तेच्या अंगाने करणे अपुरे ठरेल. चित्रगृहातील प्रेक्षक समूहात बसून भितो आणि दिवे लागताच समूहाबरोबर बाहेर पडतो. घरी हा चित्रपट पाहणाऱ्याला बाहेर पडण्याची सोय नसते. पडद्यावर मृत्यू ज्या वस्तूतून बाहेर येतो, ती वस्तू, म्हणजे दूरचित्रवाणीचा संच, त्याच्याच खोलीत असते. ज्या कृतीने पात्र संकटात सापडते, नेमकी तीच कृती तो करीत असतो.

कथेचे सूत्र सर्वपरिचित आहे. एक ध्वनिचित्रफीत आहे. ती पाहणारा सात दिवसांनी मरतो. रेको आसाकावा ही पत्रकार स्त्री भाचीच्या मृत्यूचा शोध घेताना ती फीत पाहते. पूर्वीचा पती र्‍युजी याला ती तिची एक प्रत दाखवते. पुढे त्यांचा लहान मुलगा योइची यानेही ती पाहिल्याचे उघड होते. शोधाचा माग सादाको या मुलीपर्यंत जातो. सादाकोची आई शिझुको हिच्या अतींद्रिय शक्तीच्या जाहीर प्रयोगात पत्रकारांनी तिला लबाड ठरवलेले असते, आणि सादाकोला तिच्या पित्याने विहिरीत लोटून दिलेले असते. या उपकथानकामागे जपानमधील खराखुरा इतिहास आहे. मानसशास्त्रज्ञ तोमोकिची फुकुराई यांनी १९१० च्या सुमारास चिझुको मिफुने या स्त्रीवर असे प्रयोग केले होते. वाद आणि अविश्वास यांच्या वातावरणात १९११ मध्ये तिने आत्महत्या केली.

येथवरची रचना मराठी वाचकालाही ओळखीची वाटेल. अतृप्त मृतात्म्याची कहाणी समजून घ्यावी, अस्थी शोधाव्यात, उत्तरक्रिया करावी, म्हणजे त्याला गती मिळते, हा लोककथेपासून आधुनिक भयकथेपर्यंत चालत आलेला संकेत आहे. तो मुळात न्यायाचा संकेत आहे. मृताची दखल घेतली की जिवंतांचे ऋण फिटते. 'रिंगू' हा संकेत शेवटच्या टप्प्यापर्यंत निष्ठेने पाळतो. रेको विहिरीत उतरते, सादाकोचा सांगाडा मायेने छातीशी धरते, तिची मुदत टळते आणि प्रेक्षक निःश्वास सोडतो. दुसऱ्या दिवशी र्‍युजी मरतो. मग रेकोला कळते की, तिला करुणेने वाचवलेले नव्हते. तिने फितीची प्रत काढली होती आणि ती दुसऱ्याला दाखवली होती, एवढेच तिच्या सुटकेचे कारण होते. आपण पुण्यकर्माने तरलो असे मानणाऱ्या व्यक्तीला आपण नकळत केलेल्या संक्रमणामुळे तरलो, हे उमगावे, यापेक्षा भीषण साक्षात्कार भयकथेत क्वचितच आढळेल.

या नियमाचे कुळ शोधले तर ते पिशाचविद्येत सापडत नाही. ते टपालपेटीत सापडते. एखाद्या देवतेच्या नावाने येणारे आणि अमुक प्रती लिहून धाडण्याची आज्ञा करणारे साखळीपत्र महाराष्ट्रातील कित्येक घरांनी अनुभवले आहे. जपानमध्येही १९७० च्या दशकात 'दुर्दैवाची पत्रे' या नावाने अशा पत्रांची लाट आली होती. या पत्रांची दोन लक्षणे विचारात घेण्यासारखी आहेत. त्यांच्याखाली कोणाचीही सही नसते, आणि पाठवणाऱ्याचा त्या मजकुरावर विश्वास असावाच लागत नाही. 'न जाणो' एवढी शंका पुरते. श्रद्धेवाचून चालणारा हा आचार आहे. म्हणून सुशिक्षितही त्यात सापडतात. पोस्टकार्ड मागे पडले तरी भ्रमणध्वनीवरील संदेशांतून तो आजही चालू आहे.

वस्तुतः प्रत काढणे ही कृती दोन्ही संस्कृतींत पुण्यकारक मानली गेली. सद्धर्मपुंडरीकसूत्राचे लेखन करण्याची परंपरा जपानी बौद्धांनी शतकानुशतके सांभाळली. आपल्याकडे पोथीची नक्कल करून ती दान देण्याचे माहात्म्य फलश्रुतींनी गायिले. ज्या जिल्ह्यात पैठण आणि अजिंठा आहेत, त्या छत्रपती संभाजीनगर जिल्ह्याला या पुण्याचा इतिहास नवा नाही. पैठणच्या एकनाथांनी १५८४ मध्ये ज्ञानेश्वरीची शुद्ध प्रत सिद्ध केली. आराई काम्पो या जपानी चित्रकाराने १९१७-१८ मध्ये अजिंठ्याच्या भित्तिचित्रांच्या प्रतिकृती काढल्या. तोक्योमध्ये जतन केलेल्या त्या प्रतिकृती १९२३ च्या भूकंपात नष्ट झाल्या. अशा प्रतीमागचा हेतू मूळ वस्तूच्या रक्षणाचा असतो, आणि प्रतिकार आपले श्रम त्या वस्तूच्या स्वाधीन करतो. 'रिंगू'मधील प्रतिकाराला मूळ वस्तूची पर्वा नसते. त्याला ती आपल्या हातून जावी एवढेच हवे असते. कृती तीच आहे, पण तिची दिशा उलटली आहे. यांत्रिक पुनर्निर्मितीमुळे कलाकृतीचे तेजोवलय लोपते, ही वॉल्टर बेंजामिन यांची मांडणी अभ्यासकांना ठाऊक आहे. येथे प्रतीगणिक वलय क्षीण होत नाही. प्रत मूळ फितीइतकीच मारक असते.

आता नैतिक प्रश्नाच्या गाभ्याकडे वळता येईल. चित्रपटाच्या अखेरीस रेको फीत आणि यंत्र गाडीत घालून आपल्या वडिलांच्या घरी निघते. नातवाला वाचवण्यासाठी आजोबांनी ती फीत पाहावी, असा तिचा बेत आहे. तिचा निषेध करणे सोपे आहे आणि तिला क्षमा करणे त्याहून सोपे आहे. शिबी राजाने कबुतरासाठी स्वतःचे मांस तोडून दिले. अजिंठ्याच्या पहिल्या क्रमांकाच्या लेण्यात ती कथा चित्रित आहे. पण शिबीच्या तराजूत त्याचे स्वतःचे शरीर होते. रेकोचे स्वतःचे आयुष्य आधीच वाचले आहे. पारड्यात तिचे मूल आहे. स्वतःच्या मृत्यूचा स्वीकार हे सद्गुणाचे शिखर असू शकते; मुलाच्या मृत्यूचा स्वीकार त्याच नावाने गौरवता येत नाही.

या प्रसंगाला अधिक जवळचा दृष्टान्त ययातीचा आहे. शुक्राचार्यांच्या शापाने आलेली जरा दुसऱ्याला देता येईल, असा उःशाप ययातीला मिळतो. संक्रमणक्षम शापाचे हे आपल्या परंपरेतील ठळक उदाहरण. महाभारतातील ययाती मुलांना एकेक करून विचारतो, चौघे नाकारतात, पुरू स्वीकारतो. शाप दिला जाण्यापूर्वी तो सांगितला जातो. नकाराला जागा असते. तरीही प्रश्न संपत नाही. गिरीश कर्नाड यांच्या 'ययाति' (१९६१) या नाटकात पुरूची पत्नी चित्रलेखा विष घेते. संमती एकाने दिली, तिची किंमत दुसरीने मोजली. शापाच्या हस्तांतरात दोनच पक्ष असतात, हा भ्रम कर्नाडांनी नाहीसा केला. 'रिंगू'मध्ये तर तिसरा पक्ष नियमातच अंतर्भूत आहे. आजोबांना जगायचे असेल तर त्यांनाही कोणीतरी शोधावे लागेल.

यावर एक आक्षेप संभवतो. प्रत्येकाने मुदतीत प्रत काढून पुढे दाखवली तर कोणीच मरणार नाही. मग हानी कोणती? हा युक्तिवाद सरळ दिसतो, पण तो माणसांची संख्या अनंत आहे असे धरून चालतो. साखळीच्या टोकाला कोणीतरी एकटा, आप्तहीन, दाखवायला कोणी नसलेला मनुष्य उभा असणारच. प्रत्येकजण त्याला पाहण्याचे टाळतो, कारण तो आणखी पुष्कळ हात दूर आहे. शिवाय हानी केवळ मृत्यूची नसते. सुटलेला प्रत्येकजण कोणाकडे तरी 'हा चालेल' अशा दृष्टीने एकदा पाहिलेला असतो. ते पाहणे पुसता येत नाही.

येथे सादाकोचा पक्षही ऐकला पाहिजे. तिच्या आईची साक्ष खोटी ठरवली गेली, तिचा आवाज विहिरीत दडपला गेला. आपले दुःख इतरांच्या डोळ्यांपुढे यावे ही तिची मागणी अन्याय्य नाही. दुःख वाचकाकडे सोपवणे हे साहित्याचेही कार्य आहे. गंगाधर पानतावणे यांच्या 'अस्मितादर्श'ने याच शहरातून दलित लेखनाला व्यासपीठ दिले, तेव्हा मराठी वाचकाला स्वस्थ बसू न देणारे अनुभव त्याच्यापुढे आले. पण ते लेखन सहीचे होते. 'हे मी भोगले, आता तुम्ही जाणा' असे ते उघडपणे म्हणत होते. त्यातून वाचकावर जबाबदारी येत होती, शाप येत नव्हता. आणि ते वाचकाला साक्षीदार करीत होते, बळी नव्हे. सादाकोची फीत निनावी आहे. मूळ कादंबरीत तर फितीतील सुटकेचा उपाय सांगणारा भागच पुसला गेलेला असतो. दुःख उरते आणि त्याचा अर्थ नाहीसा होतो. साक्षीचे शापात रूपांतर नेमके येथे होते.

म्हणून रेकोच्या कृतीचा निवाडा फीत कोणाला दाखवली यावर अवलंबून नाही; दाखवण्यापूर्वी काय सांगितले यावर तो अवलंबून आहे. सर्व काही जाणून आजोबा फीत पाहतील तर ते दान ठरेल, आणि ती पुढे न देण्याचे ठरवतील तर साखळी तेथे तुटेल. न सांगता दाखवली तर तो विश्वासघात ठरेल, मग हेतू कितीही वत्सल असो. नाकाता हा निवाडा देत नाहीत. गाडी रस्त्यावर आहे, पुढे आभाळ काळवंडले आहे, आणि चित्रपट संपतो. ते संभाषण प्रेक्षकाच्या वाट्याला सोडलेले आहे.

ध्वनिचित्रफितीचे युग सरले. १९७६ मध्ये जपानमध्ये बाजारात आलेल्या व्हीएचएस पद्धतीची यंत्रे बनवणाऱ्या फुनाई या जपानी कंपनीने २०१६ मध्ये त्यांचे उत्पादन थांबवले. 'रिंगू'ची नवी तबकडी निर्वेध पाहता येते, आणि पाहून झाल्यावर ती कोणाला तरी द्यावीशी वाटते. देताना आपण काय देत आहोत हे सांगण्याची तयारी आहे काय, एवढाच प्रश्न हातात उरतो. यंत्र बदलल्याने तो बदललेला नाही.