जठराचा गुन्हा काय?

रुग्णाला रक्ताच्या उलट्या होत आहेत, नाडी धावते आहे, रक्तदाब उतरतो आहे. कारण शोधत बसावे तर माणूस हातचा जातो; लगेच पोट उघडावे तर मूळ रोग कुठे आहे ते ठाऊक नाही. अशा अज्ञानात केलेला इलाज न्याय्य म्हणायचा का?

१९५५ साली अमेरिकेतील ओहायो राज्य विद्यापीठाचे सर्जन रॉबर्ट झोलिंजर आणि एडविन एलिसन यांनी दोन रुग्णांची हकीकत प्रसिद्ध केली. त्यांचे अल्सर काही केल्या बरे होत नव्हते. ऑपरेशन करूनही पुढे लहान आतड्यात नवे व्रण होत. दोघांच्याही स्वादुपिंडात गाठ सापडली. या गाठीतून एखादे संप्रेरक स्रवत असावे, असा तर्क त्यांनी मांडला. पुढे ते गॅस्ट्रिन असल्याचे कळले. गाठ हुकूम सोडते, जठर इमानेइतबारे आम्ल तयार करते आणि त्याच आम्लाने आतडे जळते.

म्हणजे रक्त एकीकडून वाहते, गुन्हेगार दुसरीकडे. तरीही त्या काळी संपूर्ण जठर काढणे हाच खात्रीचा उपाय होता. थोडे जरी ठेवले तरी ते पुन्हा आम्ल तयार करी. हुकूम पाळणाऱ्याला शिक्षा झाली. रुग्णाला पुढे जन्मभर थोडे थोडे खावे लागे, बी-१२ जीवनसत्त्वाची इंजेक्शने घ्यावी लागत. पण जीव वाचे.

१९७०च्या दशकाअखेर सिमेटिडिन आले, १९८०च्या दशकाअखेर ओमेप्राझोल. आज आम्ल औषधांनी आवरते, रक्तस्राव बहुधा दुर्बिणीतून थांबवता येतो आणि गाठ शक्य तिथे काढतात. मग ते जुने सर्जन क्रूर होते का? मला तसे वाटत नाही. त्यांच्यापाशी जेवढे ज्ञान होते तेवढ्यावरच त्यांना जोखले पाहिजे. दोष सुरू होतो तो रक्त थांबताच प्रश्नही मिटला असे मानण्यात. झोलिंजर-एलिसन यांचे मोठेपण हे की व्रण पुन्हा का होतो, असे त्यांनी विचारले.

मारामारी करणाऱ्या मुलाला मीही वर्गाबाहेर उभे करतो. त्या क्षणी ते गरजेचे असते. पण रोज तोच मुलगा बाहेर उभा राहत असेल, तर गाठ त्याच्या घरात आहे की रिकाम्या पोटात, हे मला पाहिलेच पाहिजे. तातडीच्या वेळी कारण न शोधता हात चालवण्याची मुभा असते. वेळ टळल्यावरही न शोधण्याची मुभा मात्र कुणालाच नाही.