दोन काठांची आठवण

पोळ्याच्या दुसऱ्या दिवशी पांढुर्णा आणि सावरगाव यांच्यामधून वाहणाऱ्या जाम नदीच्या पात्रात पळसाचे झाड रोवतात, त्यावर निशाण चढवितात, आणि दोन्ही काठांवरून दगडांचा वर्षाव सुरू होतो. हीच गोटमार. तीत डोकी फुटतात. काही वर्षी माणसे प्राणासही मुकली आहेत. सायंकाळी एखाद्या जखमीच्या आप्तांनी दोन्ही काठांवरच्या दोन सज्जनांना विचारले, की मर्यादा कोणी सोडली, तर उत्तरे बहुधा एक येणार नाहीत. मग त्यांतील एकास खोटा म्हणावयाचे काय?

आम्हांस तसे वाटत नाही. बार्टलेट या इंग्रज मानसशास्त्रज्ञाने 1932 साली दाखवून दिले, की स्मृती म्हणजे जपून ठेवलेले चित्र नव्हे, ती दर वेळी केलेली नवी मांडणी असते. अमेरिकन आदिवासींची एक कथा त्याने इंग्रज वाचकांकडून पुनःपुन्हा सांगवून घेतली, तेव्हा तीतली सीलची शिकार पाहता पाहता मासेमारी झाली. ओळखीच्या साच्यात न बसणारे ते गळाले किंवा बदलले. पुढे 1951 सालच्या एका फुटबॉल सामन्याचा एकच चित्रपट दोन विद्यापीठांच्या विद्यार्थ्यांना दाखविला गेला. प्रिन्स्टनच्या विद्यार्थ्यांना डार्टमथच्या संघाचे जितके अपराध दिसले, त्यांच्या निम्मेही खुद्द डार्टमथकरांना दिसले नाहीत. म्हणजे साचा आठवतानाच नव्हे, पाहतानाही काम करतो.

यासाठी दगडच हवेत असे नाही. सौंसरचा एखादा जुना बाजार आठवून पाहावा. संत्र्यांचे ढीग, घासाघीस, परतीचा चहा, सारे डोळ्यांपुढे उभे राहते. तो बाजार ऐन ज्येष्ठातला होता आणि तेव्हा संत्र्यांचा हंगाम नव्हता, याची मन चौकशीही करीत नाही. (भाव मात्र नेहमी स्वस्तच आठवतो!)

साच्यावाचून मनाचा व्यवहार एक दिवसही चालणार नाही. तेव्हा साचा असणे हा काही अपराध नव्हे. पण साक्ष देताना 'पाहिले' आणि 'असेच असणार' यांतील अंतर न सांगणे, ही आमच्या मते नैतिक चूक होय, कारण तिच्यावर दुसऱ्याची शिक्षा अवलंबून असते. आता गोटमारीच्या मूळ कथेचेच पाहा. पांढुर्ण्याच्या तरुणाने सावरगावची मुलगी पळविली आणि नदीपात्रात दोघांवर दगड आले, येथवर सारे एक. पुढे कोणी सांगतो, ती दोघे तेथेच मेली. कोणी सांगतो, पांढुर्णेकरांनी त्यांना सुखरूप काठावर आणले. दोन्ही सांगणारे तितक्याच खात्रीने सांगतात.